कॉम्प्रेसर खोलण्याआधी आणि खोलल्यावर

किन्हवलीच्या नाक्यावरून एक रस्ता शहापूरला जातो, दुसरा सरळगावमार्गे मुरबाडला. शहापूरला मुंबई–आग्रा महामार्ग गाठला की पुढे कसारा घाट, आणि सरळगावला कल्याणहून येणारा रस्ता धरला की पुढे माळशेज. खडीचे डंपर, वीटभट्ट्यांचे ट्रक, सुगीनंतर पेंढ्याने आणि गवताने लादलेल्या गाड्या, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीचा माल, शहापूर आणि मुरबाड आगारांच्या एसट्या, यांतल्या बहुतेकांना घाट चुकत नाही आणि बहुतेकांचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा तयार करतो इंजिनाच्या अंगाला बसवलेला एक लहानसा पिस्टनचा कॉम्प्रेसर. तो बिघडला तर खोलून दुरुस्त करावा की बदलावा, खोललाच तर काय धुवावं, काय मोजावं आणि काय टाकून द्यावं, हा या पट्ट्यातल्या गॅरेजांपुढचा कायमचा प्रश्न आहे. त्याची उत्तरं जागोजाग वेगळी मिळतात. त्या उत्तरांचा हा आढावा.

माझं मत आधीच मांडतो. रिंगा आणि पॅकिंगचं किट बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर महिन्याभरात परत येतो तेव्हा बहुधा धुणं अर्धवट राहिलेलं असतं, मोजमाप झालेलंच नसतं, किंवा कॉम्प्रेसर मुळात दोषी होता का, हेच कुणी तपासलेलं नसतं. यातलं शेवटचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

हवेचा ब्रेक आला रेल्वेतून. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८७२ मध्ये त्यात मोठी सुधारणा केली: नळी तुटून हवा गेली तर ब्रेक सुटू नये, उलट लागावा. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांवर हेच तत्त्व स्प्रिंगच्या रूपात आहे. हवा स्प्रिंगला दाबून धरते. हवा उतरली की स्प्रिंग मोकळी होऊन चाक आवळते. आपल्याकडे चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीने १९६२ मध्ये ब्रिटनच्या क्लेटन ड्यूआंद्रच्या सहकार्याने या सामानाचं काम सुरू केलं. पुढे त्याची वॅबको इंडिया झाली, आणि २०२० मध्ये जर्मनीच्या झेडएफने वॅबको विकत घेतल्यानंतर ते नावही बदललं. जुन्या कॉम्प्रेसरवर एक नाव आणि नव्या किटच्या खोक्यावर दुसरं दिसतं ते यामुळे. मालकाने त्यावरून गोंधळून जायचं कारण नाही. पाहायचा तो पार्ट नंबर.

स्प्रिंग ब्रेकमुळे हवा गेल्यावर गाडी थांबते हे खरं, पण त्या भरवशावर घाट उतरू नये. चालक उतारावर पुन्हापुन्हा पाय मारत राहिला की प्रत्येक वेळी थोडी हवा खर्च होते. कॉम्प्रेसर तेवढ्या वेगाने भरून देत नसेल तर दाब हळूहळू खाली येतो, ब्रेकची ताकद कमी होत जाते, धोक्याचा बझर वाजतो आणि मग स्प्रिंग तिच्या वेळेला, चालकाच्या इच्छेविरुद्ध, वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर चाकं आवळते. म्हणून कॉम्प्रेसर चालू आहे एवढं पुरत नाही. तो किती वेगाने हवा देतो आणि त्या हवेबरोबर काय पाठवतो, या दोन्हींवर त्याची पारख करायची.

आत रचना साधी आहे. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, दोन-तीन रिंगा, वर व्हॉल्व्ह प्लेट आणि तिच्यावर हेड. पिस्टन खाली आला की सक्शनची पत्ती उघडते, वर गेला की डिलिव्हरीची. वंगण इंजिनाच्याच तेलाचं, आणि वापरलेलं तेल आपल्या वजनाने परत इंजिनात उतरतं. हेड बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पाण्याने थंड होतं. सात-आठ किलोपर्यंत दाबलेली हवा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास सहज तापते, आणि त्या उष्णतेत रिंगांमधून वर आलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. हा कोळसा डिलिव्हरीच्या पत्तीवर आणि पुढच्या नळीत बसतो. नळी आखडली की कॉम्प्रेसरला जास्त जोर लागतो, तो आणखी तापतो आणि आणखी कोळसा करतो. कॉम्प्रेसरच्या बहुतेक दुखण्यांची साखळी इथूनच सुरू होते.

दुरुस्तीच्या तीन पद्धती या भागात दिसतात. एसटीची पद्धत युनिट बदलण्याची. महामंडळाच्या कामाची उतरंड आगार, विभागीय कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा अशी आहे, आणि त्यामागचा विचार असा की प्रवाशांची गाडी खोळंबवून आगारात भाग खोलत बसायचं नाही. तयार युनिट चढवायचं आणि उतरवलेलं युनिट जिथे मोजायची साधनं आहेत तिथे न्यायचं. या विचारात मोठं शहाणपण आहे. दुसरी पद्धत कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपची: पूर्ण कॉम्प्रेसर नवा किंवा अदलाबदलीचा. ती खात्रीची असते, पण एकाच ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला झेपतेच असं नाही. तिसरी पद्धत रस्त्याकडेच्या मिस्त्रीची. सकाळी उतरवायचा, दुपारी किट टाकायचं, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. या मिस्त्रींच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. आवाजावरून गजन पिन सैल आहे की बिग एंड, हे ते ओळखतात. कमी पडतं ते मोजण्याचं साधन. बोअर गेज आणि मायक्रोमीटर गॅरेजात नसतात, आणि शतांश मिलिमीटरचा फरक कितीही तयार बोटाला कळत नाही.

विजेवरच्या बसमध्ये हा प्रश्न संपेल असं काहींना वाटतं. एसटीची ‘ई-शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. तशा गाड्यांनाही ब्रेकसाठी हवा लागतेच आणि ती स्वतंत्र विजेच्या मोटरवरचा कॉम्प्रेसर देतो. तिथे उच्च दाबाच्या विजेचा धोका असल्याने तो प्रशिक्षणाशिवाय कुणी हातात घेऊ नये. इथलं बाकी विवेचन डिझेल इंजिनाच्या कॉम्प्रेसरचं आहे.

आता मूळ कामाकडे. गॅरेजात तक्रार दोन वाक्यांत येते: ‘हवा बनत नाही’ आणि ‘कॉम्प्रेसर तेल फेकतो’. दोन्ही वाक्यांत कॉम्प्रेसरला आरोपी ठरवलेलं असतं. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने कॉम्प्रेसरच्या तक्रारींसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा बराच भाग कॉम्प्रेसर उतरवण्याआधीच्या तपासण्यांनी भरलेला आहे. टाकीतून निघणारं तेल-पाणी मापी कपात धरून मोजायची पद्धतही तिने घालून दिली. टाकीत तेलाचा हलका अंश येणं हे कॉम्प्रेसर मेल्याचं लक्षण मानत नाहीत. किती दिवसांत किती येतं, ते महत्त्वाचं. किन्हवलीतही हे करायला काही लागत नाही: टाकीचा ड्रेन कॉक उघडून निघालेलं पारदर्शक बाटलीत धरायचं आणि तारीख लिहून ठेवायची. इथल्या पावसाच्या चार महिन्यांत त्यात पाणी पुष्कळ येणार. पाण्यावर तरंगणारी तेलाची साय आणि निव्वळ काळं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवा बनत नाही म्हणताना घड्याळ लावावं. अमेरिकेतल्या जड वाहनांच्या परवाना पुस्तिकेत दुहेरी यंत्रणेच्या गाडीसाठी सोपी कसोटी आहे: इंजिन कामाच्या वेगावर असताना दाब ८५ वरून १०० पीएसआयवर ४५ सेकंदांत चढला पाहिजे. आपल्या मीटरवर हे साधारण सहा ते सात किलो. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. एकट्या गाडीत मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.२ किलोपेक्षा जास्त हवा उतरू नये. उतरत असेल तर कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी साबणाचं पाणी घेऊन चेंबर, जोड आणि नळ्या तपासाव्यात. गळतीमुळे कॉम्प्रेसरला विश्रांतीच मिळत नाही. दाब पुरा झाला की गव्हर्नर किंवा अनलोडर त्याला मोकळा सोडतो आणि त्या वेळात तो थंड होतो. गळकी गाडी त्याची ही सवड हिरावून घेते. असा कॉम्प्रेसर तेल फेकू लागला तर दोष त्या गळतीचा असतो. नवं किट टाकूनही तो पुन्हा तेल फेकेल.

त्यानंतर हवा जिथून आत येते ती नळी पाहावी. खडीच्या क्रशरवर आणि भट्टीवर फिरणाऱ्या गाडीच्या सक्शनच्या रबरी नळीला चीर पडली किंवा क्लिप ढिली झाली, तर फिल्टर कितीही चांगला असो, दगडाची भुकटी थेट सिलिंडरमध्ये जाते. गवताच्या गाड्यांत फिल्टर तुसाने चोंदतो. मग कॉम्प्रेसर जोराने हवा ओढतो आणि रिंगांच्या खालचं तेलही वर खेचतो. आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही: कॉम्प्रेसर इंजिनावर बसवताना पॅकिंगला लावलेला सिलिकॉनचा लगदा. तो दाबला जाऊन आत पसरतो आणि तेल परत जाण्याचं भोक अर्धं बुजवतो. तेल साचतं, क्रँक त्यात बुडून फिरतो, आणि उरलेलं तेल हवेबरोबर टाकीत जातं. हा दोष मागच्या दुरुस्तीतून आलेला असतो, म्हणून उतरवताना पॅकिंगची जागा नीट पाहून घ्यावी. एकदा धुतली की पुरावा गेला.

डिलिव्हरीची नळी हेडपासून सोडवून आत बोट आणि उजेड घालावा. कोळशाचा थर दिसला तर ती खरवडून परत लावण्यापेक्षा बदलावी, कारण सुटलेली खपली पुढे ड्रायरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये जाते. नवी नळी लावताना तिचा उतार सलग टाकीकडे हवा. मधे पोट पडलं की पाणी तिथे साचतं. सक्शनची नळी काढून इंजिन चालू असताना तोंडाशी हवा उलटी फुंकलेली जाणवली तर सक्शनची पत्ती बसत नाही हे तिथेच कळतं. एवढं झाल्यावरच पाना हातात घ्यावा.

उतरवताना गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, इंजिन थंड, आणि सगळ्या टाक्यांची हवा पूर्ण सोडलेली. मागच्या चेंबरमधली स्प्रिंग बोल्टने मागे ओढून ठेवली असेल, म्हणजे बंद गाडी ओढून आणण्यासाठी ब्रेक सोडवला असेल, तर त्या गाडीला ब्रेकच नाही हे सगळ्यांना मोठ्याने सांगावं. तो स्प्रिंगचा चेंबर स्वतः कधीही खोलू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते.

कॉम्प्रेसर टेबलावर आला की आधी बाहेरून धुवायचा आणि मगच खोलायचा, नाहीतर बाहेरची माती आत जाते. खोलण्याआधी पंचाने किंवा रंगाने खुणा कराव्यात: हेडची दिशा, एंड कव्हरची दिशा, रॉड आणि त्याची कॅप. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेसरमध्ये एका रॉडची कॅप दुसऱ्याला लागली तर मापं जुळत नाहीत आणि क्रँक जाम होतो किंवा बेअरिंग लवकर जातं. काही इंजिनांत कॉम्प्रेसरच्या मागच्या टोकावर स्टिअरिंगचा पंप बसतो, काहींत गिअर ठरलेल्या दातावर बसवावा लागतो. त्याचीही खूण हवी. हेड सुटत नसेल तर प्लॅस्टिकच्या हातोडीने बाजूने ठोकावं. छिन्नी घालून उचकटलं की सपाट पृष्ठावर खाच पडते, आणि ती खाच पुढे कुठल्याही पॅकिंगने भरत नाही.

धुण्याबद्दल मला विस्ताराने लिहावंसं वाटतं, कारण या कामात सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. बहुतेक ठिकाणी सगळे भाग एका तसराळ्यात, एकाच डिझेलमध्ये धुतले जातात. पहिल्या धुण्याला हरकत नाही. पण शेवटचं धुणं स्वच्छ, न वापरलेल्या डिझेलमध्ये किंवा चांगल्या क्लीनिंग सॉल्व्हंटमध्येच हवं. पेट्रोलने धुण्याची सवय सोडावी. वेल्डिंग आणि बॅटरीच्या शेजारी पेट्रोलची वाफ केव्हा पेटेल सांगता येत नाही. कोळसा निघावा म्हणून भाग कॉस्टिक सोड्यात उकळणाऱ्यांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. पिस्टन, बरीच एंड कव्हरं आणि काही हेड अॅल्युमिनियमचे असतात. कॉस्टिकमधून निघालेला पिस्टन चमकतो, पण त्याचं माप गेलेलं असतं.

पिस्टनच्या डोक्यावरचा कोळसा भिजवून लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढावा. रिंगांच्या खाचा साफ करायला जुनी मोडलेली रिंग चांगली. तिच्या टोकाने फक्त कोळसा निघाला पाहिजे, धातू निघाला की खाच रुंद झाली आणि नवी रिंग तिच्यात हलणार. व्हॉल्व्ह प्लेटवर लोखंडी तारेचा ब्रश फिरवू नये. तेलाचं प्रत्येक भोक तारेने मोकळं करून मग हवेने फुंकावं, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हवेचं तोंड कुणाच्या अंगाकडे नसावं. हेडच्या पाण्याच्या वाटा हा दुर्लक्षित कोपरा आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहिल्याने तिथे क्षार आणि गंज साचतो, हेड थंड होत नाही आणि वर सांगितलेली कोळशाची साखळी सुरू होते. पाणी एका तोंडाने घातलं तर दुसऱ्याने मोकळं वाहिलं पाहिजे.

बोअरला होनिंग केलं असेल तर डिझेलचं धुणं पुरत नाही. होनिंगच्या दगडाची बारीक पूड लोखंडाच्या छिद्रांत रुतते आणि डिझेल तिला फक्त इकडून तिकडे सरकवतं. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासावं, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत, आणि सुकताच लगेच तेलाचा हात द्यावा, कारण कोकणच्या दमट हवेत ताजं होन केलेलं बीड तासाभरात गंजाची झाक धरतं. ही एक पायरी गाळली तर नव्या रिंगा त्या पुडीनेच झिजतात, आणि दोष मात्र किटवर येतो.

धुतलेलं काळं डिझेल आणि जुनं तेल कुठे जातं, याचाही विचार या आढाव्यात यायला हवा. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबई पिते. भातसेचं पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यावरून उचललं जातं. किन्हवली परिसराचं पाणी काळू नदीकडे जातं आणि पुढे उल्हासला मिळतं, जिच्यावर कल्याण-उल्हासनगरची कितीतरी वस्ती अवलंबून आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं. ते पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. गॅरेजमागच्या ओहोळात ओतलेला एक डबासुद्धा मला अक्षम्य वाटतो.

आता तपासणी. सुरुवात बोअरपासून, कारण बाकी सगळे निर्णय त्याच्यावर टेकलेले आहेत. उजेडाकडे धरून आधी उभे ओरखडे पाहायचे. नखाला अडकणारा ओरखडा होनिंगने जात नाही. वरच्या रिंगेच्या प्रवासाच्या शेवटी पायरी पडलेली असते; ती तशीच ठेवून नवी रिंग टाकली तर रिंगेचा कोपरा तिच्यावर आपटून रिंग तुटते. मग बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन काटकोनी दिशांना माप. पिस्टन ज्या दोन बाजूंना रेटला जातो तिथे झीज जास्त, त्यामुळे बोअर लंबगोल होतो. वर झीज जास्त, त्यामुळे निमुळता होतो. मर्यादा कंपनीनुसार बदलते, पण ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतच असते. मर्यादेत असेल तर हलकं होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा. बाहेर असेल तर रिबोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा, साधारण दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांनी मिळतात. एक थाऊ म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटर. लंबगोल बोअरमध्ये गोल रिंगा घालून कॉम्प्रेसर बंद करणं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग ‘स्वस्त’ काम आहे. रिंग जागा धरू शकत नाही, तेल वर येतं, आणि मालक दुसऱ्यांदा मजुरी देतो.

मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत सरकारी आयटीआय आहेत. मोजमापाची साधनं शिकवण्यासाठी का होईना, तिथे असतात. ठरावीक दुपारी आसपासच्या मिस्त्रींना आपले बोअर तिथे मोजून घेता आले, आणि मोजायचं काम विद्यार्थ्यांनीच केलं, तर दोघांचाही फायदा होईल. यात फार खर्च नाही. फक्त कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा.

नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ करावी आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजावी. फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडून बोअर ओरबाडला जाईल, फार जास्त असेल तर हवा खाली गळेल. नकली किटचा सुगावा बहुधा याच मोजमापात लागतो. रिंगेवर वरची बाजू दाखवणारी खूण असते, ती वरच राहिली पाहिजे, आणि रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नयेत.

पिस्टनच्या अंगावर एका बाजूलाच घासल्याची चमक असेल तर रॉड वाकलेला असण्याची शंका घ्यावी. गजन पिन, रॉडची वरची बुश, क्रँकचे जर्नल आणि बेअरिंग यांची मापं पुस्तिकेप्रमाणे घ्यावीत. जर्नल निळसर पडला असेल तर तिथे तेल पोचलेलं नाही, आणि ते का पोचलं नाही हे शोधल्याशिवाय नवं बेअरिंग बसवू नये. ऑइल सील आणि सर्कलिप जुने पुन्हा वापरू नयेत.

व्हॉल्व्ह प्लेट आणि पत्त्या यांना मात्र वेळ द्यावा. ‘हवा बनत नाही’ या तक्रारीचं उत्तर बोअरपेक्षा इथे जास्त वेळा सापडतं. पत्ती उजेडात धरून तिच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का पाहावं. वाकलेली पत्ती सरळ करून पुन्हा वापरू नये, ती तिथेच मोडते आणि तुकडा पिस्टनवर पडतो. बसण्याच्या जागेवर हलके ओरखडे असतील तर जाड सपाट काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट घेऊन आठच्या आकड्यासारखी घासत प्लेट बसवता येते. खोल खड्डा असेल तर ती टाकून द्यावी. बसवल्यावर डिलिव्हरीच्या बाजूने थोडं डिझेल ओतून ठेवावं. ते पाझरलं तर पत्ती अजून बसलेली नाही. हेडला चीर असल्याचा संशय आला तर पाण्याच्या वाटा बंद करून, हलकी हवा भरून ते पाण्यात बुडवावं. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. ज्या कॉम्प्रेसरच्या हेडमध्ये अनलोडरचा पिस्टन असतो, त्याच्या रबरी रिंगाही याच वेळी बदलून घ्याव्यात. तो पिस्टन अडकला की कॉम्प्रेसर सतत भरत राहतो किंवा कधीच भरत नाही.

या सगळ्याच्या शेवटी निर्णय घ्यायचा. माझा कौल असा: बोअर, क्रँक आणि ब्लॉक या तिघांपैकी दोन ओव्हरसाइजच्या किंवा दुरुस्तीच्या मर्यादेबाहेर गेले असतील तर नवं किंवा कंपनीने पुन्हा बांधलेलं युनिट घ्यावं, त्यात मजुरी घालवू नये. एकच गेला असेल आणि मोजमाप करणारी जागा जवळ असेल तर पुन्हा बांधलेला कॉम्प्रेसर नव्याइतका टिकू शकतो. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पासिंगच्या आदल्या आठवड्यात घाईने केलेला कॉम्प्रेसर हा सगळ्यात वाईट काम झालेला कॉम्प्रेसर असतो. हे काम पावसाळ्याआधी, निवांत दिवशी, करून घ्यावं.

परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्याने, ठरल्या क्रमाने आवळावेत आणि सुरू करण्याआधी तेलाच्या भोकात थोडं तेल घालावं, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या होत नाहीत. मग पुढच्या वाटेचं काम: ज्या गाडीला एअर ड्रायर आहे तिथे तेलाने भिजलेलं काडतूस बदलायलाच हवं, कारण तेल प्यालेले दाणे पुन्हा ओल शोषत नाहीत. टाक्या रिकाम्या कराव्यात आणि तेलाने फुगलेले रबर असलेले व्हॉल्व्ह तपासावेत. एवढं झालं की आधी लावलेलीच घड्याळाची कसोटी पुन्हा लावून दोन्ही आकडे मालकाच्या वहीत लिहावेत. गाडी आठवडाभर चालल्यावर टाकीचा ड्रेन पुन्हा बाटलीत धरावा. तेल पूर्वीइतकंच येत असेल तर कॉम्प्रेसरचे बोल्ट पुन्हा सोडण्याआधी इंजिनाचा ब्रीदर पाहावा. त्यातून धूर जोराने येत असेल तर इंजिनाच्या रिंगा गेल्या आहेत, क्रँककेसमधला तो दाब तेलाला कॉम्प्रेसरमध्ये रेटतो आहे, आणि आता खोलायचं आहे ते इंजिन.